डाव्या पायाची चतुःसीमा

रेघ सरकते, हे मला कुणी शिकवायला नको. भूमी अभिलेखच्या कचेरीत मी एकतीस वर्षं गावनकाशे ट्रेस केले. कागदावर बांध जिथं असतो तिथं तो शेतात कधीच सापडत नाही. दर पेरणीला नांगराचं एक तास इकडून, एक तास तिकडून, असा तो आपला गुपचूप चालत असतो; आणि विचारलं तर दोन्ही बाजूचे शेतकरी सांगतात की बांध देवानं ठेवला तिथंच आहे. तेव्हा सरकणारी रेघ पाहून घाबरणारी बाई मी नव्हे. फक्त आजवर ती दुसऱ्याच्या मालकीत सरकत होती. यंदा फेब्रुवारीत ती माझ्या डाव्या पायावर सरकायला लागली.

अंदमानहून येऊन आम्हाला तीन दिवस झाले होते. निवृत्त कर्मचाऱ्यांची सहल होती. तिथल्या जंगलाच्या तोंडाशीच माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सगळे म्हणाले, वंदनाबाई, तुम्ही गाडीत बसा. मी नवऱ्याला गाडीत बसवलं आणि अनवाणी चालत गेले.

ते दोन तास कसे सांगू? आम्ही बुलढाण्याकडच्या धाड गावची माणसं. आम्हाला हिरवा रंग माहीत असतो तो चार महिन्यांचा, सोयाबीनचा. तिथं हिरवं वर होतं, खाली होतं, आणि मधली हवासुद्धा हिरवीच होती. झाडांचा शेंडा पाहायला मान वर केली की डोक्यावरचा पदर आपोआप पडायचा. पाऊस केव्हाच थांबला होता, पण पानं तो अजून एकेक थेंब करून खाली सोडत होती, घाई नसल्यासारखी. पायाखाली माती अशी नव्हतीच, कुजलेल्या पानांची ओली गादी होती. पाऊल टाकलं की ती आत घ्यायची आणि उचललं की सोडायला कुरकुर करायची. एक भटकं कुत्रं माझ्यापुढं चालत होतं, तेही अनवाणीच. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात मी पहिल्यांदाच अशा जागी उभी होते जिची मोजणी कुणी मागितलेली नव्हती.

तर घरी आल्यावर मंगळवारी दुपारी पाय खाजला म्हणून पाहिलं. तळव्याच्या कडेला, खोलगट भागात, एक बारीक लाल रेघ होती. दोऱ्याएवढी जाड, अडीच सेंटीमीटर लांब, नाल्यासारखी नागमोडी. बुधवारी पाहिलं तर साडेतीन. मी कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला, पायावर पसरला आणि टोकदार पेन्सिलने रेघ उतरवून घेतली. कोपऱ्यात तारीख टाकली, उत्तरेचा बाण काढला. सवयच ती.

एरवी मी ही रेघ कौतुकाने वाढवली असती, पण घरात कार्य होतं. एकोणीस दिवसांवर आमच्या गजेंद्रचा साखरपुडा होता. गजेंद्र चौतीस वर्षांचा. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, बरं चालतं. पण आजकालच्या मुलींना नोकरीवाला लागतो आणि खताच्या पोत्यामागे बसलेला माणूस त्यांना नोकरीवाला वाटत नाही. अठरा ठिकाणांहून नकार आला होता. एकोणिसावी जानेफळची प्रेरणा, तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. ती हो म्हणाली. तेव्हापासून पोरगा मोटारसायकल रोज पुसायला लागला, आणि पुसताना गुणगुणायला लागला. चौतीस वर्षांत त्या मुलाच्या तोंडून सूर निघालेला मी ऐकला नव्हता. सूर बेताचाच होता, पण निघत होता.

आणि आमच्या सोयऱ्यांमध्ये साखरपुड्यालाच मुलाच्या आईचे पाय धुतात. मांडवात, पितळी परातीत, सगळ्या बायांच्या देखत, मुलीच्या आईने आपल्या हाताने. म्हणजे हा पाय जानेफळच्या समस्त स्त्रीवर्गासमोर, उजेडात, ओला करून पाहिला जाणार होता.

पहिलं निदान समोरच्या कोकिळाबाईंचं. कोकिळाबाईंना मी पाय दाखवला नव्हता. त्यांना कुणी काही दाखवावं लागत नाही.

"अवो, हे तं नागीण होय!" त्या म्हणाल्या. "कोणत्या अंगानं वाढून राह्यली?"

मी बोट दाखवलं.

"म्हंजे ते तोंड. अन् हे शेपूट. ध्यानात ठेवजा बाई, तोंड शेपटाले भिडलं का माणूस गेला. माह्या मावससासूचं असंच झालं."

"नागिणीनं गेल्या?"

"नाही, गेल्या त्या म्हतारपणानं. पण अगुदर नागीण झालती."

"किती अगोदर?"

"असतीन बावीस वर्षं."

उपाय म्हणून त्यांनी गेरू कालवून आणला आणि रेघेच्या पुढे माझ्या पायावर आडवा लाल पट्टा ओढला. नागीण गेरू ओलांडत नाही म्हणे. मी मनात म्हटलं, कोर्टाने ओढलेली रेघ न ओलांडणारं आमच्या तालुक्यात कुणी नाही, ही बिचारी तर परप्रांतातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेरूच्या पलीकडे एक सेंटीमीटर जाऊन बसली होती. कोकिळाबाईंनी ते पाहिलं आणि गेरूला नावं ठेवली, की पहिल्यासारखा गेरू आता मिळत नाही.

खरी पंचाईत सहाव्या दिवशी झाली. तोवर रेघ पायाच्या वरच्या अंगाला चढून करंगळीकडे निघाली होती. सहाव्या दिवशी तिने विचार बदलला. मोठं वळण घेतलं आणि आल्या दिशेने परत फिरली. ट्रेस एकावर एक ठेवून उजेडाकडे धरले तर स्पष्ट दिसत होतं: तोंड शेपटाकडे निघालं होतं. मधलं अंतर चार सेंटीमीटर.

मी शिकलेली बाई आहे. नागीण वेगळी असते, कमरेला येते, आग होते, फोड येतात, हे मला माहीत आहे. तरीही मी ते अंतर दिवसातून दोनदा मोजू लागले, हेही खरं. आणि कोकिळाबाई सकाळी दूध घेताना रस्त्याच्या पलीकडूनच ओरडायच्या, "किती राह्यलं?" मी म्हणायची, "तीन पॉइंट दोन." मग गल्लीतली येणारी-जाणारी माणसंही विचारू लागली. कुणाला आकडा सांगितला की तो पुढच्याला सांगायचा. माझं नाव कुणी घेत नव्हतं. आकडाच फिरत होता.

आमचे हे, नारायणराव, यांचं तिसरंच. ते पेपरातून डोकं काढून विचारायचे, "पाहुणा कुठवर आला?"

पिठाच्या गिरणीवर शकूरभाईंनी निदान बदललं. दळण तोलता तोलता त्यांचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं आणि पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर गेल्या.

"ताई, हा तं नारू! आमच्या अब्बाले झालता. पाण्यातून येते. तोंड भाईर निघालं का काडीवर गुंडाळाचं, रोज जरा जरा. जल्दी केली अन् तुटला, का पाय गेला." त्यांनी खिशातून आगपेटी काढून एक काडी मला दिलीसुद्धा. मग पायाकडे पुन्हा पाहिलं. "पर ह्याचं तोंड कहाँ है?"

"बाहेर येतच नाही ना. आतल्या आतच फिरतो."

शकूरभाई विचारात पडले. "अंदमानचा ना? मंग शिकलेला असन."

नारू हा शब्द गिरणीवर उच्चारणं म्हणजे तो पिठाबरोबर घरोघरी पोचवणं. दुसऱ्या दिवशी दुपारी आरोग्य खात्याचा राजकुमार वही घेऊन दारात हजर. हा माणूस पन्नाशीला आला आहे आणि गेली वीस वर्षं कोणतीही गोष्ट स्वतःच्या अंगावर येऊ न देणं हे एकच काम त्याने मन लावून केलं आहे.

"मॅडम, तुमाले नारू झाला म्हंतात."

"मला काय माहीत? तुम्हीच सांगा."

"नारू होऊच शकत नाही. देशातून कवाच गेला तो."

"मग नसेल."

"पण संशय असन तं कळवा लागते."

"मग कळवा."

"कळवलं तं वरून विचारतीन, नसलेला रोग काऊन कळवला. नाही कळवला तं विचारतीन, काऊन नाही कळवला." त्याने घाम पुसला. "परदेशात गेल्या होत्या काय?"

"अंदमानला."

"ते परदेशात येते का?"

"नाही. आपल्यातच."

त्याने वहीतला रकाना बराच वेळ पाहिला. "म्हंजे परदेश प्रवास निरंक. अन् देशात नारू निरंक. म्हंजे मॅडम, तुमचा रोग कुठूनच आला नाही."

शेवटी त्याने तोडगा काढला. मी लिहून द्यायचं की माझ्या पायात जे आहे ते नारू नाही. त्याने मजकूर सांगितला तो इतका ढिसाळ होता की माझ्याने राहवेना. ज्या वस्तूबद्दल लिहून द्यायचं तिचा ठावठिकाणा नको? मी नवा कागद घेतला आणि लिहिलं: मौजे धाड येथील सौ. वंदना नारायणराव यांच्या मालकी व वहिवाटीतील डाव्या पायावर एक नागमोडी रेघ असून तिची चतुःसीमा येणेप्रमाणे: पूर्वेस अंगठा, पश्चिमेस करंगळी, उत्तरेस बोटे, दक्षिणेस घोटा. सदर रेघ ही नारू नाही. खाली सही. राजकुमारने तो कागद दोनदा वाचला, आणि माझ्याकडे इतक्या आदराने पाहिलं की मला क्षणभर पुन्हा कचेरीत बसल्यासारखं वाटलं.

जाताना मात्र त्याने गल्लीच्या पाण्याच्या टाकीत पावडर टाकली. नारू नसल्याचं सिद्ध झालं असलं तरी खबरदारी म्हणून. ती जरा जास्तच पडली. दोन दिवस गल्लीतल्या प्रत्येक घरच्या चहाला दवाखान्याची चव येत होती, आणि प्रत्येक घर तो चहा माझ्या नावाने पीत होतं. बाया घागरी घेऊन माझ्या दारावरून जात, पायाकडे पाहत आणि काही न बोलता पुढे जात. मला कुणी टाकून बोललं असतं तर मी उत्तर दिलं असतं. न बोलणाऱ्या घागरीला काय उत्तर द्यायचं?

दुपारी सगळं शांत झालं की मी ओट्यावर बसायची. पाय स्टुलावर. उन्हं कलायला लागायची, रस्त्यावरून हरभऱ्याच्या काडाची गाडी डुलत जायची, डोळे जड व्हायचे. अशा वेळी ती रेघ रेघ राहायची नाही. मी उंचावरून खाली पाहत असायची आणि खाली नदी असायची, लाल मातीतून वळणं घेत चाललेली, काठाला हिरवं धुकं. घोट्याचं हाड म्हणजे डोंगर. कुठूनतरी पानांवरून थेंब पडल्याचा आवाज यायचा. मग लक्षात यायचं की नळ गळतोय. नळ बंद करायला मी उठत नसे.

त्यातच जानेफळहून फोन आला. मुलीचे वडील, शंकरराव. फार सज्जन माणूस. इतका सज्जन की मुद्द्यावर यायला त्याला पाऊण तास लागतो.

"ताई, हरबरा निघाला काय तिकडचा?... हो, हो. आमचाबी निघाला... थंडी गेलीच म्हना आता... ते, ताई, लोकं बोलून राह्यले का धाडात नारू निघाला. अन् म्हंतात, तुमच्याच पायात निघाला."

"नारू नाही. नारू नसल्याचा माझ्याकडे कागद आहे."

बोलून गेले आणि जीभ चावली. एखादी गोष्ट नसल्याचा कागद ज्या घरात असतो त्या घरात ती असतेच, हे मीच कचेरीत नव्या पोरांना शिकवत असे.

"नाही, आमचं काही म्हननं नाही," शंकरराव म्हणाले. "पण घरात म्हतारी मानसं हायेत. तारीख जराशी पुढं घेतली तं..."

गजेंद्र दारातच उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. हातातलं फडकं त्याने मोटारसायकलच्या सीटवर ठेवलं आणि दुकानात गेला. त्या दिवशी त्याने भुईमुगाचं बियाणं मागणाऱ्या माणसाला तणनाशक दिलं. गुणगुणणं बंद झालं. मुलीकडचे लोक तारीख 'जराशी' पुढे घेतात तेव्हा ती कुठे जाते हे अठरा वेळा आम्ही पाहिलेलं होतं.

मी शंकररावांना सांगितलं, "तारीख हलणार नाही. पाय मी बरा करून आणते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने बुलढाण्याला गेले. त्वचेची डॉक्टर माझ्या मुलाहूनही लहान वयाची होती. बाहेर बाकावर मुरुमांची पोरं बसली होती, त्यांच्यात मी एकटीच एकसष्ट वर्षांची. तिने पाय हातात घेतला, दहा सेकंद पाहिला आणि हसली.

"जंगलात, नाहीतर किनाऱ्यावर अनवाणी फिरलात?"

"दोन तास."

"आजी, ही अळी आहे. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची. ओल्या, सावलीच्या जमिनीत असते. तिकडे पावसाच्या मुलखात हे नेहमीचं आहे."

कुत्र्याच्या! म्हणजे नागिणीपासून सुरुवात करून मी इथवर उतरले होते.

"तिला कुत्र्याच्या अंगात शिरायचं होतं," डॉक्टर सांगत होती. "चुकून तुमच्या पायात शिरली. कुत्र्याच्या अंगात तिला पुढची वाट माहीत असते. माणसाच्या कातडीतून आत जायचं दार तिला सापडतच नाही. मग ती वरच्या वर फिरत राहते, दार शोधत. काही आठवड्यांनी थकून आपोआप मरते. पण तुम्हाला घाई दिसते. गोळ्या देते."

"कोणत्या?"

"जंताच्या. शाळेत मुलांना देतात त्याच. तीन दिवस चावून खा."

"आणि दुसऱ्याला लागण? पोराच्या साखरपुड्यात मुलीची आई हा पाय धुणार आहे."

"एका माणसाची दुसऱ्याला होत नाही. बिनधास्त पाय धुवून घ्या."

येताना एसटीत खिडकीची जागा मिळाली. गव्हाचे पट्टे मागे पळत होते, मध्येच पिवळा पडलेला हरभरा. बाहेर सगळं कोरडं, आखलेलं, कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावरचं. आणि माझ्या पायात एक जीव, समुद्रापलीकडच्या त्या ओल्या अंधारातून आलेला, चुकीच्या घरात शिरून दार चाचपत चालला होता. रोज एक सेंटीमीटर. कुणाला पत्ता विचारायची सोय नाही. मी मान टेकली, डोळे मिटले. एसटी हलत होती, मी हलत होते, ती चालत होती. कंडक्टरने हाक मारली तेव्हा धाड आलं होतं.

मी गोळी त्या दिवशी घेतली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. दुपारी ओट्यावर बसले, पाय स्टुलावर, आणि पाहत राहिले.

"गोळी घेतली काय?" नारायणरावांनी विचारलं.

"उद्या घेते."

"पोराचं जमलेलं मोडू राह्यलं, अन् तू त्या अळीले मुदतवाढ देऊ राह्यली?"

"वाट चुकली आहे हो ती."

नारायणरावांनी पेपर खाली ठेवला. लग्नानंतर ही दुसरी वेळ. "वंदे," ते म्हणाले, "वाट तं आपलं पोरगंबी चुकू राह्यलं. दुकान उघडं टाकून देवळाच्या पारावर बसलाय तो, दोन घंटे झाले."

मी उठले. पारावर गेले. गजेंद्र चपला काढून बसला होता आणि पायाच्या बोटांकडे पाहत होता, लहानपणी गणित चुकलं की बसायचा तसा. मी पदराच्या गाठीतून गोळी काढली आणि त्याच्यासमोर चावून खाल्ली. चवीला ती खडूसारखी, वर नकली आंब्याचा वास.

"आई, पाणी तरी घे," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "मी तुला गोळीचं म्हटलं नव्हतं."

"म्हणून तर घेतली."

गोळी पोटात गेली, पण अळीला ती बातमी लगेच पोचली नसावी. शेवटचा मुलूख तिने त्याच रात्रीत तोडला. सकाळी पाहते तर तोंड थेट शेपटावर! चार सेंटीमीटरचं अंतर शून्य. कोकिळाबाई डोक्यावरून पदर घेऊन, दुखवट्याला निघाल्यासारख्या चेहऱ्याने आल्या. मी ओट्यावर चहात पाव बुडवून खात होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे, मग भिंग मागितलं.

"भिडलं नाही," त्या बऱ्याच वेळाने म्हणाल्या. "वरून गेलं. हे पाहा ना, असं. पुलावरून गेल्यावानी."

त्यांच्या स्वरात थोडी निराशा होती. पण त्या न्यायी बाई आहेत. संध्याकाळपर्यंत त्यांनी गल्लीभर पूल जाहीर केला होता.

त्यानंतर रेघ हलली नाही. दुसऱ्या दिवशी ट्रेस घेतला, तिसऱ्या दिवशी घेतला. कागदावर कागद ठेवला की रेघ रेघेवर बसायची, केसाचा फरक नाही. खाज गेली. लाल रंग तपकिरी झाला. दुपारी ओट्यावर बसले की तो फक्त पाय असायचा. नळ दुरुस्त करून घेतला.

साखरपुड्याला ठरल्या तारखेलाच जानेफळला गेलो तेव्हा रेघ फिकट झाली होती, पण होती. गजेंद्रने मला गाडीत तीनदा विचारलं, "मोजे आहेत ना?" मोजे होते, आणि पर्समध्ये ट्रेसिंग पेपरांची गुंडाळीही होती. विहीणबाईंनी अशा वेळी कशावरून तरी रुसायचं असतं, नाहीतर सोयऱ्यांना आपण कमी पडलो की काय अशी शंका येते. मी पातळाच्या काठावरून रुसायचं ठरवून आले होते.

मांडव घातला होता, आंब्याच्या डहाळ्या होत्या, बाया गच्च बसल्या होत्या. मला खुर्चीवर बसवलं. पुढ्यात परात आली. मुलीची आई केसरबाई तांब्या घेऊन समोर पाटावर बसल्या. ठेंगण्या, सावळ्या, अबोल. दोन्ही बैठकींत मिळून त्यांचे सहा शब्द माझ्या कानावर आले होते, त्यातले चार 'घ्या ना'.

"मोजे काढा बाई," मागून कुणीतरी म्हणालं. "सोन्याचे पाय हायेत काय?"

मी उजवा काढला. मग डावा.

माना पुढे आल्या. "अवो बाई, नागीण!" एक आत्या किंचाळली. "तोंड शेपटावर हाय तिचं!" दुसरी म्हणाली, "नारू होय तो, मी सांगतलं होतं का नाही?" केसरबाईंचा तांब्या हवेत तसाच राहिला. पलीकडे पुरुषांत शंकरराव उभे राहिले. त्यांच्यामागे गजेंद्रचा चेहरा मला दिसला. तो माझ्याकडे पाहत नव्हता, जमिनीकडे पाहत होता.

मी भाषण तयार करून आणलं होतं.

तेवढ्यात जिने खाली मान घालून बसायचं होतं ती उठली. प्रेरणा. शालू सावरत माझ्या पायाशी येऊन उकिडवी बसली आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, "आई, ही अळीची वाट ना? चालते आहे की थांबली?"

"थांबली."

"कशावरून?"

मी पर्समधून गुंडाळी काढली. तिने कागद तारखेवारी लावून घेतले, एकेक उजेडाकडे धरला. मग शेवटचे तीन माझ्या पायावर पसरले. "ही गुरुवारची रेघ. ही शुक्रवारची. ही कालची. अन् हा पाय. पाहा आत्या, कुठे हलली?"

आत्या वाकल्या. मागच्या बाया आत्यांवर वाकल्या. कुणीतरी चष्मा मागवला. माझ्या नोकरीत एकतीस वर्षांत इतक्या माणसांनी इतक्या एकाग्रतेने माझा नकाशा पाहिला नव्हता.

"नाही हलली," आत्यांनी शेवटी कबूल केलं.

"म्हंजे मेली. अन् हे लागत नाही कुणाले." प्रेरणाने कागद गोळा करून माझ्या मांडीवर ठेवले. उठताना तिने पलीकडे एकदाच पाहिलं. गजेंद्रने मान वर केली होती. शंकरराव खाली बसले.

केसरबाईंनी माझा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि पाणी सोडलं. मग त्यांचा अंगठा त्या रेघेवरून चालायला लागला, खोलगट भागातून वर, करंगळीकडे, वळणावर जरा थांबून परत. अगदी सावकाश, कुठलंही वळण न चुकवता. मांडवातला गलका लांब गेला. अंगठा शेवटाला पोचला तेव्हा त्यांनी विचारलं, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात:

"लय दुखलं काय वो, बाई?"

एकोणीस दिवसांत सदतीस माणसांनी हा पाय पाहिला होता. नाव विचारलं होतं, तोंड विचारलं होतं, किती राहिलं ते विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टरनेही नाही, आणि माझ्या घरच्यांनीही नाही. पातळाच्या काठाचं मला काही आठवेना.

"दुखलं नाही," मी म्हटलं. "खाजलं फक्त."

"मंग डोये काऊन भरले?"

"पाणी गरम आहे."

केसरबाईंनी तांब्यात बोट बुडवलं. पाणी माठातलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बोट बुडवलं आणि मागे वळून मोठ्याने म्हणाल्या, "प्रेरणा, थंडं पानी आन वो. हे लय गरम हाय."